साठ ब्रास गिट्टी आणि मागितलेले पाच तारे

गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "सर, आपल्या प्रोजेक्टला तीन वर्षं झाली. प्लीज फाइव्ह स्टार अन् दोन ओळी टाका ना." सोबत आमच्याच गावच्या वाफ्याचा फोटो. लाल-पिवळी कर्दळ फुललेली, मागे निळंशार आभाळ. फोटो पहिल्या वर्षीचा होता हे मला लगेच कळलं, कारण कोपऱ्यातलं लोखंडी फाटक त्यात अजून जागेवर होतं. दोन ओळींत माझं भागण्यासारखं नव्हतं, म्हणून हे एवढं लिहितो आहे.

मी बांधकामातला माणूस. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, तीस वर्षं मोजमाप पुस्तिका भरल्या आणि दुसऱ्यांनी भरलेल्या तपासल्या. राहतो नागपुरात, प्रतापनगरला. गाव काटोल रोडने फेटरी सोडून पुढे, कळमेश्वर तालुक्यात. भाऊ संत्र्याची बाग बघतो, काकू अजून जुन्या घरातच राहते. दर पंधरा दिवसांनी माझी चक्कर असते. वस्ती नऊशेची. त्यातल्या सहाशे लोकांचं सांडपाणी एकाच नालीने गावाच्या उतारावर येतं आणि तिथे बेशरमच्या झुडपांत त्याचं डबकं साचायचं. आमच्या लहानपणी ते पावसाळ्यापुरतं असे. घरोघरी नळ आले तेव्हापासून बारमाही झालं. माणशी ५५ लिटर पाणी घरात आलं की त्यातलं निम्म्याहून जास्त नालीत जाणारच, आणि नाली पुढे कुठे जाते हा प्रश्न नळाच्या उद्घाटनाला कोणी विचारत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिथे हा प्रकल्प झाला. साहेबी नाव 'बांधीव पाणथळ', गावात सगळे 'कर्दळीचा वाफा' म्हणतात. पाणी आधी गाळ बसण्याच्या टाकीत येतं, तिथून गिट्टी भरलेल्या दोन वाफ्यांत आडवं सरकतं. प्रत्येक वाफा वीस मीटर लांब, सहा मीटर रुंद. वरून पाणी दिसत नाही, गिट्टीच्या वरच्या थराखालून चालतं. गिट्टीत कर्दळ, पाणकणीस आणि थोडं वेखंड लावलेलं. मुळांवर आणि दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तोच घाण खातो. रोजचं वीस हजार लिटर पाणी आत सुमारे तीन दिवस मुक्काम करून पलीकडे निघतं. आपल्या नागपूरच्या नीरीने (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) 'फायटोरिड' नावाने याच तत्त्वावरची पद्धत विकसित केली आहे. आमच्या गावचं काम ते नव्हे. हे ठेकेदाराचं स्वतःचं डिझाइन, आणि पुढे जे काही लिहितो ते त्याच्याच खात्यावर.

काम होतं का? होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो असं वाटेल. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या पैशाने पाणी तपासून घेतलं. घाण मोजायचं माप बीओडी, म्हणजे ती खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आत जाताना २१०, बाहेर पडताना २४. बाहेरचं पाणी पेल्यात धरलं तर फिकट चहासारखं, वास मातीचा. शेजारच्या शेतकऱ्याने त्यावर नेपियर गवत लावलं आहे. काकूच्या खोलीची पश्चिमेची खिडकी पंधरा वर्षांनी उघडली, आणि मच्छरदाणी तेव्हापासून खुंटीला आहे. निव्वळ एवढ्यावर मी चार तारे दिले असते.

माझं भांडण आहे ते माहितीपत्रकाशी. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'झिरो वीज, झिरो कार्बन, झिरो कटकट.'

पहिलं खरं आहे. गावाला उतार असल्यामुळे पंप लागलाच नाही. दुसऱ्याबद्दल मी पहिल्याच बैठकीत विचारलं, "बावा, झिरो कसा काय?" तर ठेकेदाराचा पोरगा म्हणाला, "सर, झाडं आहेत ना! ती कार्बन शोषून राहिली ना." आता झाड वाढताना कार्बन घेतं हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्याकडे कापलेली कर्दळ वाफ्याशेजारी ढिगाने पडलेली असते, आणि ढीग कुजला की घेतलेलं सगळं परत. वर ढीग ओला आणि दाबलेला राहिला तर त्यातलं थोडं मिथेन होऊन परत, म्हणजे घेतलं त्याहून वाईट रूपात. जमा लिहायचं आणि खर्च लिहायचा नाही, असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर लाल शाईने परत गेलं असतं.

म्हणून मी मोजमाप पुस्तिकेची प्रत मागवली आणि दिवाळीच्या सुट्टीत बसून वाफ्याचा जन्मापासूनचा हिशोब मांडला. नातू म्हणाला, आबा, हे तर लाइफ सायकल असेसमेंट आहे. असेल बुवा. आम्ही याला बाबवार हिशोब म्हणायचो. बाब, परिमाण, दर, आणि रुपयाच्या जागी किलो कार्बन डायऑक्साइड.

गिट्टी साठ ब्रास, म्हणजे अदमासे अडीचशे टन. दगड तसा गरीब असतो, त्याला भट्टी लागत नाही. सुरुंग, क्रशर, वीज, डिझेल असं सगळं धरून सव्वा टनाच्या आसपास. पण ती आली उमरेड रोडवरच्या खाणीतून, म्हणजे नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाहून. टिप्परच्या पंधरा खेपा, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, लिटरला तीन किलोमीटर. साडेचारशे लिटर डिझेल झालं. लिटरमागे २.६८ किलो या दराने बाराशे किलो. म्हणजे दगड फोडायला जितका कार्बन, जवळपास तितकाच तो शहराला वळसा घालून आणायला. खोदाईच्या मशीनचे तीन दिवस, सव्वातीनशे किलो.

इथवर किरकोळ. खरा डल्ला सिमेंटने मारला. वाफ्याचा तळ, भिंती, टाक्या सगळं काँक्रीटमध्ये, २८० गोणी. सिमेंटचा धूर फक्त भट्टीतल्या कोळशाचा नसतो. चुनखडी तापली की तिच्यातूनच वायू सुटतो, शंभर किलो चुनखडीतून ४४ किलो. त्याला काहीच उपाय नाही, ते रसायनच तसं आहे. आपल्याकडच्या राख मिसळलेल्या सिमेंटला गोणीमागे तेहेतीस किलो धरले तरी सव्वानऊ टन होतात. सळई दोन टन. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आणखी पाच. सगळी बेरीज सतरा टन. कर्दळीचं पहिलं रोप लागायच्या आत!

हे टाळता आलं असतं, म्हणून राग आहे. आमची जमीन काळी, चिकण. खोदून, बाजू उतरत्या ठेवून, नीट ठोकून वर जाड प्लास्टिकचं अस्तर घातलं असतं तरी पाणी राहिलं असतं, आणि सिमेंट-सळईचे चौदा टन एक-दोन टनांवर आले असते. मी सुचवलं होतं. ठेकेदार म्हणाला, "सर, अस्तर उंदीर कुरतडतात." मी म्हटलं, उंदीर नाही, बिल कुरतडलं जातं. काँक्रीटचा दर मोठा, त्यामुळे बिल मोठं, हे कळायला मला पुस्तिका उघडावी लागत नाही. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांखालच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते, म्हणजे आमच्या वाट्याला अडीच लाख. बाकीचं पंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून आणि इकडून तिकडून जमवलं. मातीचा वाफा केला असता तर उरलेल्या पैशात खालच्या आळीची नालीही झाली असती.

असो. सतरा टन वीस वर्षांवर वाटले तर वर्षाला ८५० किलो. बांधकामवाला असल्यामुळे मला वाटलं होतं, हिशोब इथेच संपला. नाही संपला. नातवाने आयपीसीसीची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ मंडळाची, २०१३ ची पाणथळींवरची पुरवणी शोधून दिली. तिच्यात बांधीव पाणथळींचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातला एक तक्ता माझ्या डोक्यातून जात नाही. घाण पाण्यातून जास्तीत जास्त जितकं मिथेन होऊ शकतं, त्यातलं किती प्रत्यक्षात होतं, याचा गुणांक. गिट्टीतून उभं झिरपणारं पाणी: ०.०१. आमच्यासारखं गिट्टीखालून आडवं जाणारं: ०.१. आणि वर उघडं, पसरलेलं पाणी: ०.४.

कारण साधं आहे. हवा पोचते तिथे जिवाणू घाणीचा कार्बन डायऑक्साइड करतात. तो कालच्या जेवणाचाच असतो, त्याला हिशोबात धरत नाहीत. हवा नाही तिथे दुसरे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन करतात, जे शंभर वर्षांच्या मापाने किलोला किलो अठ्ठावीस पट तापदायक. आमच्या वाफ्यात वर्षाला जेवढी घाण येते ती १,५३० किलो बीओडी. किलो बीओडीमागे जास्तीत जास्त ०.६ किलो मिथेन धरतात, त्याला ०.१ ने गेलो तर मिथेन ९२ किलो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत अडीच टनांच्या थोडं वर. नायट्रोजनचा नायट्रस ऑक्साइड होतो तो वेगळा. माझ्या अंदाजाने दोन-पावणेतीन किलोच, पण त्याचा गुणाकार २६५ ने, म्हणून सातशे किलो. बांधकामाचा हप्ता मिळवून वर्षाला चार टनांच्या किंचित वर.

हे चार टन कशाशी ताडायचे? दोन गोष्टींशी. एक, आधीचं डबकं. उघड्या, तापणाऱ्या, तुंबलेल्या गटाराला गुणांक ०.५, म्हणजे वर्षाला जवळजवळ तेरा टन. त्या मानाने वाफ्याने नऊ टन वाचवले. याबद्दल ठेकेदाराला सलाम. दोन, पाण्यात विजेने हवा फुंकणारा ब्लोअर लावलेलं तयार यंत्र, जे दुसरा एक ठेकेदार गळ्यात मारत होता. इतक्या लहान यंत्राला घनमीटरमागे एक युनिट धरा, रोज वीस युनिट, वर्षाला ७,३०० युनिट. आपली वीज म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतला कोळसा. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे नुसत्या विजेचे पाच टन. त्याचं बांधकाम आणि त्याच्या टाकीतले वायू वेगळेच. तर वाफा जिंकला, पण माहितीपत्रकात लिहिलं तसा शून्याने नाही. थोडक्यात जिंकला.

(मजा बघा. नागपूर शहराचं भांडेवाडीत शुद्ध केलेलं १३० दशलक्ष लिटर सांडपाणी याच कोराडीच्या वीजकेंद्राला पाठवायची योजना झाली. म्हणजे शहराचं सांडपाणी वीज करायला, आणि गावाचं सांडपाणी साफ करायला ती वीज. वर्तुळ पूर्ण होतं खरं, पण मध्ये कोळशाची मालगाडी आहे.)

आणि आता तिसरं, 'झिरो कटकट'.

दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या एप्रिलमध्ये गेलो तर काकू दारातच म्हणाली, "काहून रे बाबू, फुलं तं झकास येऊन रायले, पण वास काहून येऊन रायला?" जाऊन बघितलं. पाणी जिथून आत शिरतं तिथे दोन-अडीच मीटरपर्यंत गिट्टीच्या वर काळं पाणी साचलेलं. वर तवंग, त्यात डासांच्या अळ्या. काठी खुपसली तर बुडबुड बुडबुडे. ते बुडबुडे म्हणजे माझा तक्ता होता. ०.१ चा वाफा माझ्या डोळ्यांदेखत ०.४ कडे निघालेला. पूर्ण वाफा असा वर्षभर तुंबला असता तर एकट्या मिथेनचे दहा टन झाले असते, आणि सगळं मिळून बारा. म्हणजे कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या यंत्राच्या नुसत्या विजेच्या दुपटीहून जास्त, आणि जुन्या डबक्याच्या जवळपास. फक्त वर फुलं असलेलं डबकं.

तुंबला कशाने? दोन कारणं. एक आमचं. गाळाची टाकी चौदा महिने कोणी उपसली नव्हती, आणि वरच्या आळीतल्या तीन गोठ्यांचं शेण-मूत सरळ नालीत येत होतं. भांडी अजून राखेने घासतात, ती राखही आत. दुसरं ठेकेदाराचं. गिट्टी उकरली तेव्हा दिसलं. अंदाजपत्रकात तोंडाशी चाळीस एमएम, मध्ये वीस, शेवटी दहा, सगळी धुतलेली, असं स्वच्छ लिहिलं होतं. निघाली सरसकट वीस एमएम, आणि तिच्यात क्रशरची चुरी जशीच्या तशी. चुरी खाली बसून पहिल्या दिवसापासून चिखल होत होती. माप घेणाऱ्याने वरून टेप लावली असेल, आत हात घातला नसेल. मी स्वतः कधीकाळी असं केलं नसेन, असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणून त्या माणसाबद्दल जास्त बोलत नाही.

देखभालीचा करार होता, वर्षाला ३६ हजार. त्यात त्यांचा माणूस वर्षभरात दोनदा आला. दोन्ही वेळा कर्दळ छाटली आणि फोटो काढले. टाकीचं झाकण उघडलं नाही, कारण झाकणाखालचा फोटो चांगला येत नाही. वाफा तुंबल्यावर फोन केले तर, "सर, मशीन दुसऱ्या साइटवर आहे, दोन दिवसांत पाठवतो." दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत त्या पाण्याला काय वास सुटतो ते ज्याने नाग नदीच्या पुलावर मे महिन्यात सिग्नलला थांबून बघितलं आहे त्यालाच कळेल.

शेवटी सरपंचबाईंनी गावातलीच सहा माणसं लावली. तीन दिवस, घमेली आणि फावडी. दोन्ही वाफ्यांच्या तोंडाची सात-साडेसात ब्रास गिट्टी बाहेर काढली, चाळली, टँकरच्या पाण्याने धुतली. चुरी बाजूला गेली, तिच्या जागी चाळीस एमएमची जवळच्या खाणीतून दोन ब्रास आणली. धुतलेलं काळं पाणी नेपियरवाल्याने आनंदाने घेतलं. त्याचं गवत त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेलं. गोठ्यांच्या नालीला छोटे शेणखड्डे केले. खर्च सगळा मिळून कराराच्या निम्म्याहून कमी.

तेव्हापासून करार बंद आहे आणि टाकी पंचायतीचा शिपाई बघतो. त्याला मी मिथेन वगैरे काही सांगितलं नाही. टाकीत एक बांबू सोडला आहे, त्यावर रंगाची खूण. गाळ खुणेला लागला की उपसायचा. साधारण चार महिन्यांनी लागतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण टाकीत गाळ वर्षभर पडून राहिला तर तिथेच बंद झाकणाखाली मिथेन होत राहतं, आणि ते माझ्या वरच्या हिशोबात धरलेलंच नाही. उपसलेला गाळ वाळवून कापलेल्या कर्दळीबरोबर खतात जातो. ढीग पंधरा दिवसांनी परतायचा. परतायला तो कंटाळतो, आणि त्याला मी दोष देत नाही. तुम्ही परतून बघा.

या वर्षी पाणी पुन्हा तपासलं. बाहेर २७ आलं. पहिल्या वर्षापेक्षा थोडं जास्त, पण वाफा कोरडा, वर पाणी नाही, काठी खुपसली तर बुडबुडा नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर पडणारी धार करंगळीएवढी होते, कारण बरंचसं पाणी कर्दळच पिऊन टाकते. नेपियरवाला तेव्हा बोअर चालवतो. खरं सांगायचं तर तो बाकीच्या महिन्यांतही चालवतो, म्हणून त्याच्या वाचलेल्या विजेचा एकही किलो मी वाफ्याच्या जमेला लिहिलेला नाही.

तर तारे. पद्धतीला साडेचार. अर्धा कापला तो आडव्या वाहण्याबद्दल. उतार होताच, तर एक वाफा उभ्या झिरपणीचा करून बघायला हवा होता. बांधकामाला अडीच, कारण भिंती खरंच सरळ आहेत आणि तीन वर्षांत एक भेग नाही, हे कबूल करायला हवं. देखभालीला शून्य देता येत नाही असं ॲप सांगतं, म्हणून एक. ठेकेदाराने माहितीपत्रकातला 'झिरो कार्बन' खोडून 'डबक्याच्या एक तृतीयांश, टाकी उपसली तर' असं छापलं, तर मी त्याच्या मेसेजला उत्तर देईन.

कोणाला आपल्या गावासाठी बघायला यायचं असेल तर या. सकाळी नऊच्या आत आलात तर शिपाई तिथेच असतो. कर्दळीपाशी फोटो नंतर काढा, आधी त्याला टाकीचं झाकण उघडायला सांगा.